काडतुसाला चरबी कशाला लागायची? ठासणीची बंदूक, रेंजवर उभं राहून समजलेली

१८५७ म्हटलं की काडतुसं आलीच. गाईची नि डुकराची चरबी, दाताने तोडायचं काडतूस, शिपायांचा संताप, हे सगळं शाळेपासून तोंडपाठ. परीक्षेत दोन मार्कांना हमखास यायचं. पण मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशाला? हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही आणि सरांनीही कधी काढला नाही. मला त्याचं उत्तर बऱ्याच वर्षांनी नेमबाजीच्या रेंजवर मिळालं, तेही दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाल्यावर.

मी छत्रपती संभाजीनगरचा, हवेच्या रायफलीवर नेमबाजी करणारा हौशी माणूस. माझा मावसभाऊ अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो आणि तिथल्या एका क्लबात ठासणीच्या बंदुका चालवतो. हा त्याचा रविवारचा छंद. त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने मलाही टेबलाशी उभं केलं. परत आल्यापासून आमच्या रेंजवरची पोरं विचारतात, "काका, तसली बंदूक असते तरी कशी? अन् ती चालवण्यात एवढं काय आहे?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलेलं बरं.

ठासणीची बंदूक तोंडातून भरतात. आजच्या बंदुकीत गोळी, दारू आणि ती पेटवणारा मसाला एकाच पितळी काडतुसात बंद असतो आणि ते काडतूस मागून आत जातं. ठासणीत हे तिन्ही सुटं. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी ठेवायची, लांब गजाने ती तळापर्यंत ठासायची आणि पेटवायची सोय बाहेरून वेगळी करायची. नळीची मागची बाजू कायमची बंद.

दौलताबादची मेंढा तोफ सहलीला जाऊन आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायच्या नादात तिचा कान मात्र कुणी बघत नाही. कान म्हणजे तोफेच्या मागच्या अंगाला असलेलं बारीक छिद्र, ज्यातून आग आतल्या दारूपर्यंत पोचते. शत्रूची तोफ हाती लागली आणि ती ओढून नेणं जमेना, तर तिच्या कानात खिळा ठोकून निघून जात. एवढी अवजड तोफ त्या एका खिळ्याने निकामी. ठासणीच्या बंदुकीलाही असाच कान असतो. बंदुकीचे प्रकार पडतात ते या कानाशी आग कशी पोचवायची यावरून.

सगळ्यात जुना प्रकार तोड्याचा. तोडा म्हणजे सोऱ्याच्या (पोटॅशियम नायट्रेटच्या) पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती पेटत नाही, धुमसत राहते. चाप ओढला की तिचं धुमसतं टोक कानाजवळच्या छोट्या वाटीतल्या बारीक दारूवर टेकतं. या बारीक दारूला रंजक म्हणतात. रंजक भडकते, तिची आग कानातून आत जाते आणि बार होतो. दुसरा प्रकार चकमकीचा. इथे घोड्याच्या, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या खटक्याच्या, जबड्यात गारगोटीचा तुकडा आवळलेला असतो. चाप ओढला की तो पोलादी पट्टीवर खरवडत उतरतो आणि ठिणग्या रंजकीवर पडतात. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या भोकरदन तालुक्यातल्या असईला, खेळणा आणि जुई नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, इंग्रजांच्या आणि शिंद्यांच्या कवायती पलटणी समोरासमोर आल्या, तेव्हा दोन्हीकडे याच चकमकीच्या बंदुका होत्या. तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. आपल्यासारख्याला एका बाराला तीन मिनिटं लागतात, आणि रेंजवर तेच योग्य.

तिसरा प्रकार केपचा. एकोणिसाव्या शतकात हा आला आणि रंजकीची कटकट संपली. तांब्याची इवलीशी टोपी, तिच्या आत ठोका बसताच पेटणारा मसाला. ती कानावरच्या पोकळ बोंडावर बसवायची, घोडा तिच्यावर आपटतो, झालं. पावसात भरवसा, वाऱ्यात भरवसा. नवशिक्याच्या हातात पहिल्यांदा द्यायची ती केपचीच बंदूक. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढणं आणि बार होणं यांत क्षणभराची का होईना, फट असते. डोळ्यासमोर रंजकीचा जाळ भक्कन होतो, माणूस दचकतो, नळी हलते आणि गोळी त्यानंतर सुटते. कधी कधी तर नुसती रंजकच उडते, आत काहीच होत नाही, आणि नवा माणूस गोंधळून बंदूक फिरवून बघायला लागतो. रेंजवर ह्याच्याइतकी वाईट सवय दुसरी नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता चरबीकडे येऊ.

ठासणीत वापरतात ती काळी दारू: तीन हिस्से सोरा, उरलेल्या एका हिश्शात कोळसा आणि गंधक. हिची खोड अशी की ती पूर्ण जळून हवा होत नाही. वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे उरतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर पडतो (पांढऱ्या धुराचा तो ढग यातूनच येतो) आणि बाकीचा नळीला आतून चिकटतो. चिलमीत साचतं ना, तसलंच काळं, चिकट कीट. दोन-चार बारांनंतर नळी आतून इतकी आवळते की गोळी अर्ध्यातच अडकते.

साध्या, गुळगुळीत नळीत यावर सोपा उपाय होता: गोळीच नळीपेक्षा बारीक ठेवायची. कीट असलं तरी ती घरंगळत खाली जायची. पण सैल गोळी नळीत आपटत-आपटत बाहेर पडते आणि शंभर पावलांवर कुठे जाईल ते तिचं तिलाच ठाऊक. असईच्या काळात शिपाई रांगा करून एकदम बार काढायचे त्याचं हेही एक कारण. एकेकट्याच्या नेमावर कुणाचा भरवसाच नव्हता.

रायफलीत नळीला आतून पीळदार खाचा पाडलेल्या असतात. गोळी त्या खाचांत घट्ट बसली तर स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते, आणि फिरणारी गोळी सरळ जाते. म्हणजे नेम हवा तर गोळी घट्ट हवी. पण घट्ट गोळी कीट धरलेल्या नळीतून तोंडाकडून खाली ठासायची कशी? रायफल माहीत असूनही फौजांनी कैक वर्षं साध्या नळीच्याच बंदुका वापरल्या त्या या अडचणीपायी. शिकाऱ्याला एक गोळी ठासत बसायला वेळ असतो, रणांगणावर नसतो.

मिन्ये नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी १८४९ च्या सुमाराला आली आणि हा गुंता सुटला. ही गोळी लांबट, बुडाशी पोकळ आणि नळीपेक्षा किंचित बारीक. भरताना सहज खाली जाते. बार झाला की दारूच्या दाबाने तिचं पोकळ बूड फुलतं आणि खाचांत घट्ट बसतं. १८५७ च्या वादातली इंग्रजांची रायफल, म्हणजे एनफील्डची १८५३ ची, याच तत्त्वावर चालायची. तिचं काडतूस म्हणजे कागदाची सुरळी: एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी. दारूकडचं टोक दाताने फाडायचं, कारण एक हात बंदुकीला गुंतलेला. दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करायची आणि गोळी तिच्या कागदासकट नळीत ठासायची. गोळीकडच्या कागदाला वंगण लावलेलं असायचं, म्हणजे कीट मऊ राहतं आणि गोळी सरकते. ते वंगण म्हणजेच ती चरबी.

तर चरबी होती ती कीटापायी. दात एका टोकाला, चरबी दुसऱ्या टोकाला, हे खरं; पण बोटं दोन्हीकडे लागणारच, आणि ती चरबी कुठल्या जनावराची याची खात्री शिपायांना पटेल अशी कुणी दिली नाही. पुढे काडतूस हाताने फाडायची मुभा दिली, वंगण शिपायांनी स्वतःचं लावावं असंही सांगून पाहिलं, पण तोवर विश्वास गेला होता. जूनमध्ये आपल्या औरंगाबादच्या छावणीतलं हैदराबाद कंटिन्जंटचं, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचं, घोडदळही बिथरलं. चरबी हे उठावाचं एकमेव कारण अर्थातच नव्हतं. पण काळ्या दारूची एक तांत्रिक खोड इतिहासात कुठवर जाऊन पोचली, हे मला टेबलापाशी चिंधीला तेल चोळताना पहिल्यांदा कळलं.

चिंधी म्हणजे खरोखरच चिंधी. आजच्या हौशी नेमबाजांत गोल गोळी आणि सुती चिंधी ही जोडी सगळ्यात लाडकी. समजा नळी ०.५० इंचाची आहे, तर गोळी ०.४९० इंचाची घ्यायची. मऊ शिशाची, साधारण साडेअकरा ग्रॅमची. उरलेली फट घट्ट विणीच्या सुती कापडाने भरायची. चिंधीला मेण, प्राण्याची चरबी नाहीतर वनस्पती तेल. मशीनचं ग्रीस चालत नाही, काळ्या दारूत त्याचं डांबर होतं. चिंधी खाचांत रुतते आणि गोळीला फिरवते. नळीबाहेर पडताच चिंधी गळून पडते, गोळी एकटी पुढे जाते. बारानंतर दहा-पंधरा पावलांवर जमिनीवर पडलेली चिंधी उचलून बघायची असते. कडा नुसत्या फिसकारल्या असतील तर ठीक. मधेच जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, नाहीतर वंगण कमी आहे. भावाच्या क्लबातली म्हातारी मंडळी टार्गेटकडे नंतर बघतात, आधी चिंधी शोधतात.

भरण्याचा क्रम एकदा डोळ्यासमोर आणा. बंदूक दस्त्यावर (खांद्याला लावायच्या लाकडी टोकावर) उभी, तोंड वर आणि आपल्या तोंडापासून लांब. नळीवर झुकायचं नाही, कधीच नाही. आधी रिकाम्या नळीतून एक-दोन केपा वाजवून कान मोकळा आहे ना ते बघायचं. मग दारू. ती मोठ्या शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत ओतायची नाही, हा पहिला कडक नियम. आत मागच्या बाराची एखादी ठिणगी धुमसत असेल तर आग उलट शिंगापर्यंत येईल आणि हातात बॉम्ब फुटेल. म्हणून आधी मापात, मापातून नळीत. नवशिक्याला ३० ते ४० ग्रेन म्हणजे दोन-अडीच ग्रॅम दारू पुरे. शिंगाचं बूच लगेच बंद.

मग तोंडावर चिंधी, चिंधीवर गोळी. आखूड दांडीने ठोकून ती आत बसवायची, नंतर गज. लाकडी गज तोंडापासून वीतभर अंतरावर धरायचा आणि थोडं थोडं करून खाली ढकलायचा. वरच्या टोकाला धरून जोर लावला आणि गज मोडला, तर त्याची ढलपी तळहातातून आरपार जाते. गोळी दारूला नीट टेकली पाहिजे. दारू आणि गोळी यांच्यात मोकळी जागा राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. हे कळायचं कसं? गजावर दोन खुणा असतात: एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. भरल्यावर दुसरी खूण नळीच्या तोंडाशी बरोबर आलीच पाहिजे. वर राहिली तर गोळी अडकलीय, नाहीतर दारू दुप्पट पडलीय. खाली गेली तर दारू घालायचीच राहिली.

हे शेवटचं सगळ्यात जास्त वेळा होतं. दारूविना गोळी ठासून बसलेला माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. मग गजाच्या टोकाला स्क्रू लावून ती गोळी ओढून काढा, नाहीतर दाबाखालच्या वायूने बाहेर ढकला, आणि तोवर शेजारच्यांची टोमणेबाजी ऐका. हे होतं कारण कुणीतरी मधेच बोलायला येतं. म्हणून त्या क्लबात भरणाऱ्याशी बोलायचं नाही असा रिवाज आहे. बाकी वेळी गप्पांना ऊत, पण हातात माप आलं की सगळे गप्प.

गज बाहेर काढून टेबलावर ठेवला की मगच फायरिंग लाइनवर जायचं. केप तिथेच बसवायची, तोंड टार्गेटकडे झाल्यावर, त्याआधी नाही. डोळ्यांना चष्मा, कानांना बंदोबस्त. चाप ओढला आणि बार झालाच नाही, तर बंदूक तशीच समोर रोखून निदान मिनिटभर उभं राहायचं. आत आग धुमसत असू शकते आणि बार उशिराने होतो. वर म्हटलेली ती बंदूक फिरवून बघायची सवय इथेच जीव घेते.

बार झाल्यावर ओलसर चिंधी, मग कोरडी चिंधी नळीतून फिरवायची. कीटही निघतं, ठिणगीही विझते. आणि आधुनिक बिनधुराची दारू ठासणीत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब कितीतरी जास्त, जुन्या नळ्या तो सोसत नाहीत.

हे सगळं वाचून वाटेल, नेम धरायचा कधी? खरं सांगायचं तर नेमाची निम्मी गोष्ट बंदूक खांद्याला लागण्याआधीच झालेली असते. दारू दर वेळी तेवढीच, गोळी तेवढ्याच दाबाने बसलेली, नळी तेवढीच पुसलेली, असं असेल तरच गोळ्या एका जागी पडतात. माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) आणि टार्गेट जुळवणं हे आपल्या हवेच्या रायफलीसारखंच. म्हणून कुणाला हा छंद दाखवायचा तर बंदूक भरून त्याच्या हातात देऊ नये असं माझं ठाम मत आहे. भरलेली बंदूक मिळालेला पाहुणा एक दणका, एक धुराचा ढग आणि एक फोटो घेऊन घरी जातो. ज्याने स्वतः भरली तो पुढच्या रविवारी परत येतो. भावाने मला असंच शिकवलं: पहिला बार त्याने भरला आणि प्रत्येक पायरी मोठ्याने बोलून दाखवली. दुसरा मी भरला आणि पायऱ्या मी बोलायच्या, तो फक्त ऐकणार. चुकलो तर तो हात धरायचा, बोलायचा नाही.

दोघांत एक बंदूक असली तरी भागतं, कारण घाई कुणालाच नसते. याच्या जागतिक स्पर्धाही होतात. १९७१ पासून काम करणारी एक आंतरराष्ट्रीय समिती त्या भरवते. नियम गमतीशीर आहे: तीस मिनिटांत तेरा गोळ्या, त्यातल्या उत्तम दहा धरायच्या. तीन गोळ्या माफ, कारण कीट, वारा आणि दारूचा लहरीपणा सगळ्यांनाच माहीत. तोड्याच्या बंदुकीची पन्नास मीटरवरची स्पर्धा आहे, तिला जपानच्या तानेगाशिमा बेटाचं नाव. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुका मात्र वस्तुसंग्रहालयातल्या काचेमागे. याचं मला जरा वाईट वाटतं.

संध्याकाळी बंदूक धुवायची. तेलाचं फडकं मारून भागत नाही, कीटातले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि रात्रीत गंज धरतो. बादलीभर गरम पाणी, साबण, आणि मग तेल. धुताना सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, तो गंधकाचा. वहिनीने बंदूक न्हाणीघरात न्यायला कायमची बंदी घातलीय, त्यामुळे हा कार्यक्रम अंगणात.

आता आपल्याकडचं. ठासणीची असली तरी ती कायद्याने बंदूकच. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. याच कायद्याच्या १३व्या कलमात पीक संरक्षणासाठी द्यायची बंदूक म्हणून ठासणीच्या बंदुकीचा नावानिशी उल्लेख आहे. मराठवाड्यात जुन्या परवान्यांवरच्या ठासण्या सापडतात त्या याच वाटेने आलेल्या. पण बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ती परवानगी वेगळी घ्यावी लागते. घरी दारू तयार करणं किंवा गावठी ठासणी बनवून घेणं हा सरळ गुन्हा आहे, आणि फुटलेल्या नळीने बोटं गेलेली माणसं असतात ती वेगळीच.

पोरांना मी सांगतो, सुरुवात हवेच्या रायफलीवर करा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटर, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. नळी कुठे बघतेय, बोट कुठे आहे, हुकूम होईपर्यंत थांबणं, बार झाल्यावरही क्षणभर न हलणं, यातलं काहीही वाया जात नाही. बार झाल्यावर न हलण्याची सवय तर चकमकीच्या बंदुकीवर सोन्यासारखी उपयोगी पडते.

आणि घरात आजोबांची ठासणी भिंतीवर किंवा माळ्यावर असेल तर एक करा. परवाना आजोबांच्या नावावर होता, तो आपोआप नातवाचा होत नाही. ते गेले असतील तर पोलीस ठाण्यात कळवा. वारसाने परवाना कसा मागायचा ते नियमांत दिलेलं आहे. तोवर ती रिकामी आहे असं समजून चाप ओढून बघू नका, पोरांच्या हाती देऊ नका. रात्री रानात जायचं म्हणून भरलेली आणि मग तशीच टांगून ठेवलेली ठासणी कैक वर्षांनी भरलेलीच निघते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू तेवढ्या वर्षांत मरत नाही. जाणकार माणूस, म्हणजे परवानाधारक बंदूक विक्रेता, नळीत अलगद काठी सोडतो, तोंडाशी बोटाने खूण धरतो आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघतो. काठी कानापर्यंत पोचली तर नळी रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबली तर आत दारू-गोळी आहे. ती काढायचं काम त्याचंच.